आदिनाथची हिरवी खूण

१

सरूबाई देवकाते आटलेल्या विहिरीत दरड कोसळून गेली. तिच्या मरणाचा बोभाटा आधी वस्तीत झाला, मग सिल्लोडच्या कचेरीत, आणि शेवटी तो शहरात, जालना रोडवरच्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीच्या दारात येऊन उभा राहिला. सरूबाई ज्या टँकरची वाट बघत होती, तो या ऑफिसातल्या प्रोग्रामच्या सांगण्यावरून सुटायला हवा होता.

दोन हजार एकोणीसचा उन्हाळा होता. शहरात बायपासला रोज नव्या इमारतीचे पाये खणले जात होते, आणि सिल्लोडच्या पुढं, अजिंठ्याच्या डोंगराकडच्या माळावर घोटभर पाण्याची मारामार होती. कुठला टँकर कुठल्या गावाला जाणार हे त्रिंबक गव्हाणेच्या कंपनीनं केलेला प्रोग्राम ठरवायचा. ड्रायव्हरच्या मोबाइलवर सकाळी खेप यायची आणि तो निघायचा. मोबाइलवर ज्या गावाचं नाव नाही, त्या गावाला पाणी नाही, इतका सरळ कारभार.

या प्रोग्राममध्ये एक खोट होती. गावापासून लांब राहणाऱ्या मेंढपाळांच्या वस्त्या तो जमेतच धरायचा नाही. त्यांच्या वाटचं पाणी मोठ्या गावाच्या विहिरीत ओतलं जायचं आणि तिथंच संपायचं. ही खोट काढायचं काम सरूबाईच्या लेकानं, आदिनाथनं, मागून घेतलं होतं. शनिवारी त्यानं ते संपवलं आणि रविवारी घरी फोन लावला. "आई, उद्यापासून आपल्या वस्तीवर टँकर येतोय. आता विहिरीत उतरू नको."

सरूबाईनं त्याच दिवशी घरातला शेवटचा भरला हंडा शेजारच्या बाळंतिणीला देऊन टाकला. पोरानं सांगितलंय म्हटल्यावर राखून ठेवायचं कशाला? सोमवारी ती रिकामे हंडे घेऊन रस्त्याला बसली. टँकर आला नाही. मंगळवारीही आला नाही, तेव्हा ती विहिरीच्या तळाशी वाटीनं पाणी भरायला उतरली आणि परत वर आली नाही.

मग ऑफिसात सर्व्हर उघडून बघितला. जिथून प्रोग्राम चालू होतो त्या मुख्य प्रतीत आदिनाथच्या कामाचा मागमूसही नव्हता.

नवरा बन्सी तेव्हा मेंढरं घेऊन लांब नदीकाठाला गेला होता. तो आला आणि त्यानं सगळं ऐकून घेतलं. आदिनाथ धावतपळत वस्तीवर पोचला तेव्हा बन्सीनं त्याला लांबच अडवला. "तू शब्द दिलास, तिनं धरला. आता तिच्या जवळ येऊ नको." सरूबाईला अग्नी पुतण्यानं, माऊलीनं दिला. दहाव्यालाही तोच बसणार होता.

२

अंबिका दांडगे म्हणजे काही पोलीस नव्हेत. उभा जन्म तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवण्यात गेला. निवृत्तीनंतर गुडघे आणि जीभ एवढंच कामाचं उरलं, त्यातले गुडघे कुरकुरतात. पण पोरांची चूक शोधून काढण्यात त्यांचा हात धरणारं अजून कुणी नव्हतं. त्रिंबक त्यांचा जुना विद्यार्थी, म्हणून त्यानं त्यांनाच गाठलं.

"मॅडम, कचेरीनं लेखी खुलासा मागितलाय. आदिनाथ काम पाठवायला विसरला, असं लिहून मोकळा होणार होतो. पण सही करताना हात अडखळला."

"मग अडखळलाय तोवर अडखळू दे," अंबिकाबाई म्हणाल्या. "एकदा तू लिहिलंस की ते त्याच्या बापाच्या तोंडी कायमचं बसेल."

आदिनाथ मुकुंदवाडीत भाड्याच्या खोलीत राहत होता. अंबिकाबाई गेल्या तेव्हा तो भिंतीला टेकून खाली बसलेला होता. शेजारी जेवणाचा डबा तसाच बंद. ऑफिसात त्याच्या शेजारी बसणारी, मूळची अजिंठ्याची शालू, त्याच्यासाठी रोज डबा आणून ठेवत होती आणि रोज तसाच परत नेत होती.

"शनिवारी काय केलंस ते सांग," बाई म्हणाल्या.

"काम संपवलं. टेस्ट केलं. पुश केलं, म्हंजी सर्व्हरवर धाडलं. हिरवी खूण आली. मग बॅग उचलली."

"नक्की?"

"आधी नक्की म्हणायचो, मॅडम. आता मलाच कळंना. हनुमानदादा म्हणतो, सर्व्हरवर काय बी नाय. सर्व्हर कशाला खोटं बोलंल? मग मीच विसरलो असंन. घरी जायची घाई झाली असंन. रोज आठवायला बसतो, आणि रोज ते जरा जरा पुसतंय."

चूक केली नसताना ती केल्याची आठवण तयार करणारी पोरं बाईंनी परीक्षेनंतर खूप बघितली होती. पण तिथं फार तर एक वर्ष जायचं. इथं पोरानं आईच्या मरणाचा दोष स्वतःवर घेतला होता.

"त्या आठवड्यात वेगळं काही झालं होतं?"

"काय नाय. शुक्रवारी कचेरीचे साहेब लोक प्रोग्रामचा डेमो बघायला आले होते. त्यांना ऑफिस सापडंना, म्हणून सरांनी मला क्रांती चौकात धाडलं. तिथं लई वेळ थांबलो उन्हात. त्यांना घेऊनच आलो."

बाई उठल्या. दारात त्यांनी चप्पल सरकवली तोच मागून आवाज आला.

"मॅडम, ती खूण मी खरंच बघितली होती का? की मला बघायची होती म्हणून दिसली?"

३

टीमचा मुख्य हनुमान. शहरातच वाढलेला, हुशार, आणि हुशारीची थोडी गुर्मी असलेला. रोज संध्याकाळी मुख्य प्रत घेऊन ती चालू करायची, हे त्याचं काम.

"मॅडम, सीधी बात आहे. प्रत्येकाची ब्रँच वेगळी. म्हणजे आपापल्या मशीनवर आपापली कामाची प्रत. काम झालं की पुश करायचं, ते सर्व्हरवरच्या मेन ब्रँचला, म्हणजे मुख्य प्रतीला, येतं. शनिवारी सगळ्यांचं आलं, आदिनाथचं नाही आलं. भूल गया बेचारा."

"आलं नाही हे तुला शनिवारीच दिसलं?"

"दिसलं ना."

"मग त्याला विचारलं का नाहीस?"

हनुमाननं खिशातला मोबाइल काढला आणि न बघता परत ठेवला. "वाटलं, सोमवारी देईल."

"आणि ती हिरवी खूण काय प्रकार आहे?"

इथं मात्र त्याला उत्साह आला. "ती माझीच आयडिया. पूर्वी स्क्रीनवर लांबलचक ओळ यायची. तुमची ब्रँच सर्व्हरवरच्या अमक्या ब्रँचच्या बरोबरीत आहे, किंवा इतकी पुढं आहे, इतकी मागं आहे. कोण वाचतंय? मी सगळं छाटून नुसती खूण ठेवली. बरोबरीत असेल तर हिरवी, नसेल तर लाल. सगळं ऑफिस खूश."

"असणारच. वाचायचं कमी झालं की कोण नाखूश होतं?" बाई म्हणाल्या.

त्रिंबकनं आपल्या केबिनमध्ये चहा मागवला आणि दार लोटून आवाज खाली आणला. "मॅडम, एक सांगतो. हनुमानला हे वस्त्यांचं काम पसंत नव्हतं. मुदत टळेल म्हणून दोघांची तोंडातोंडी झाली होती. आणि सर्व्हरवरून काहीही पुसायची परवानगी फक्त त्यालाच आहे."

"म्हणजे आदिनाथनं पाठवलं आणि यानं पुसलं?"

"मी तसं म्हणत नाही हो. पण मनात येतं ते येतंच."

चहा आला. बाईंनी दोन घोट घेतले. "शुक्रवारचा डेमो कसा झाला?"

"झाला एकदाचा. सगळा जीव टँकरचे रस्ते दाखवणाऱ्या नकाशात होता, आणि तो आदिनाथच्या मशीनवर अडकलेला. डेमोची वेगळी ब्रँच केली होती हनुमाननं. मी आणि तो प्रोजेक्टरच्या वायरीशी झटत होतो, पडदा कोरा. साहेब लोक तर वाटेत. आणि ऐनवेळी नकाशा येऊन पडला. आदिनाथनं अब्रू राखली."

बाईंनी कप खाली ठेवला. आदिनाथ तेव्हा क्रांती चौकात उन्हात उभा होता. मग त्याच्या मशीनवरून नकाशा पाठवला कोणी?

४

सरूबाई गेली त्या दिवसापासून आदिनाथचं मशीन कुणी उघडलं नव्हतं. अंबिकाबाईंनी ते लावायला सांगितलं आणि खुर्ची ओढून बसल्या. एका बाजूला त्रिंबक, दुसऱ्या बाजूला हनुमान. स्क्रीन उजळला. वस्त्यांचं काम असलेल्या ब्रँचच्या नावापुढं खूण होती. ती हिरवी होती.

"म्हणजे पोरगं खोटं बोलत नव्हतं," बाई म्हणाल्या. "हनुमान, मला म्हातारीला समजावून सांग. काम पाठवलंच नसतं तर इथं काय दिसलं असतं?"

"लाल. हा सर्व्हरच्या पुढं आहे म्हणून."

"छान. म्हणजे विसरला हे गेलं. आता दुसरं. त्यानं पाठवलं, आणि मागून कुणी पुसलं असेल तर?"

हनुमानचा चेहरा उतरला. केबिनमध्ये काय बोलणं झालं असेल ते त्याला कळलं. "मॅडम, कसम से, मी हात नाही लावला."

"मी तुला विचारलंय ते सांग."

"तर... ही खूण शिळी असणार. मशीननं सर्व्हरला शेवटचं विचारलं तेव्हाचं ते दाखवतं. आता परत विचारलं तर लाल होईल."

"विचार मग."

हनुमाननं सर्व्हरला नव्यानं विचारायची आज्ञा दिली. तिघंही खुणेकडं बघत राहिले. मशीननं सर्व्हरला विचारलं, उत्तर आलं.

खूण हिरवीच राहिली.

"असं कसं?" त्रिंबक पुटपुटला. "मेन ब्रँचमध्ये काम नाही, आणि हे म्हणतंय बरोबरीत आहे."

"हेच," बाई म्हणाल्या. "पाठवलं नाही असंही नाही आणि पुसलं असंही नाही. सर्व्हरवर कुठंतरी याचं काम जसंच्या तसं आहे, म्हणून तर बरोबरीत आहे. तुम्ही सगळे एवढंच विचारता, की बरोबरीत आहे का. कोणाच्या बरोबरीत, हे कुणी विचारतच नाही. ती छाटलेली ओळ परत आण, हनुमान. नावासकट."

हनुमाननं आज्ञा दिली. मग सगळ्या ब्रँचेस, आणि त्यांतली कुठली सर्व्हरवरच्या कुठल्या ब्रँचशी बांधलेली आहे, हे समोर आलं. वस्त्यांच्या ओळीत मेन हे नाव नव्हतं. तिथं लिहिलं होतं, डेमो.

डेमो तर शुक्रवारीच संपला होता. त्यानंतर ती ब्रँच उघडायचं कुणाला काही कारण नव्हतं. आता त्यांनी उघडली. शनिवारचं सगळं काम तिथं होतं. नकाशावर माळावरच्या वस्त्या एकेक करून उमटल्या. देवकात्यांच्या वस्तीपुढं टँकरची सकाळची खेप लागलेली होती, रस्ता आखलेला होता. फक्त ती कुणा ड्रायव्हरला गेली नव्हती.

हनुमान खाली बसला. "नाव मी छाटलं," तो म्हणाला. "नाव दिसलं असतं तर शनिवारीच कळलं असतं त्याला." त्याची सगळी गुर्मी कुठल्या कुठं गेली होती, आणि बाईंना त्याचंही वाईट वाटलं.

पण कोडं अजून पुरतं सुटलं नव्हतं. ही ब्रँच आपणहून डेमोला जाऊन चिकटत नाही. कुणीतरी शुक्रवारी या खुर्चीवर बसून ती तिथं पाठवली होती, आणि पाठवताना इथून पुढं हाच पत्ता लक्षात ठेव, असंही मशीनला सांगितलं होतं. त्या क्षणी हनुमान आणि त्रिंबक दोघंही पडद्यापाशी होते. आदिनाथ चौकात होता.

चारच जणांच्या त्या ऑफिसात मग उरलं होतं एकच माणूस. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. रिकामा न झालेला डबा घेऊन शालू परत येत होती.

५

अंबिकाबाईंनी दोघांना बाहेर पाठवलं. शालूला समोर बसवलं. पोरीचे डोळे रडून रडून सुजले होते, पण मॅडम आल्यात म्हटल्यावर तिच्या तोंडावर थोडी आशा दिसत होती.

"मॅडम, काय सापडलं का? तो विसरला नाय. मी शेजारीच होते ना शनिवारी. हिरवी खूण मी बी बघितली."

बाईंना वाटलं, हा प्रश्न आपण विचारूच नये. खुलाशाला एवढं पुरे होतं. आदिनाथनं काम पाठवलं, ते भलत्या ब्रँचला गेलं, खुणेत नाव नव्हतं म्हणून कळलं नाही. त्रिंबकनं सही केली असती, हनुमाननं मान खाली घातली असती. पण बन्सी विचारणार होता, भलतीकडं गेलंच कसं. अर्ध्या उत्तरानं त्याचं समाधान झालं नसतं, आणि संशयाचं बोट परत पोराकडंच वळलं असतं.

"शालू, शुक्रवारी आदिनाथच्या मशीनवर कोण बसलं होतं गं?"

"मी बसले होते की," ती लगेच म्हणाली. तिला त्यात लपवण्यासारखं काहीच वाटत नव्हतं, आणि आजवर कुणी विचारलंही नव्हतं. "सर लई चिडले होते. नकाशा का नाय आला, आदिनाथ कुठं मेलाय, असं बोलत होते. त्यांनीच धाडलेलं त्याला, पण चिडल्यावर ध्यानात राहतं व्हय? म्हटलं, आता हा आला की बिचाऱ्याला साहेबांसमोर बोलणी बसणार. म्हणून मीच त्याचा नकाशा डेमोला पुश केला. त्याला सांगितलं बी नंतर. बरं झालं म्हणाला."

"कसा पुश केलास?"

"आपण नेहमी करतो तसाच. पत्ता लिहायचा आणि पुढं तो लक्षात ठेवायला..."

ती थांबली. शालूची नजर आदिनाथच्या स्क्रीनकडं गेली. तिथं ती ओळ अजून उघडी होती. तिनं ती वाचली. परत वाचली.

नवीन ब्रँच पहिल्यांदा पाठवताना पत्ता लक्षात ठेवायला सांगायचा, ही त्या ऑफिसातल्या प्रत्येकाच्या बोटांना लागलेली सवय होती. रोज रोज पत्ता लिहायला नको म्हणून. तिनं विचार करून काही केलं नव्हतं. घाईत बोटांनी सवयीचं केलं.

"मॅडम," शालू म्हणाली, "म्हंजी काकूला मी..."

"नाही. तसं म्हणायचं नाही."

"मग कसं म्हणायचं?"

बाईंनी तिला जवळ ओढलं. ती आवाज न करता रडत होती, आणि ते बघवत नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं तोंड पुसलं.

"त्याला मीच सांगते. आणि त्याच्या बापाला बी मीच सांगणार. तुम्ही नुसत्या संगती या."

६

दहाव्याच्या सकाळी अंबिकाबाई, शालू आणि आदिनाथ त्रिंबकच्या गाडीनं निघाले. शालूनं आदिनाथला आदल्या दिवशी सांगितलं होतं. त्यानं म्हणे डबा उघडून दोन घास खाल्ले, आणि तिलाही एक भाकरी पुढं केली. सिल्लोड मागं पडलं, रस्ता कच्चा झाला. धूळ उडवत एक टँकर समोरून रिकामा परत येत होता. चूक सापडली त्याच दिवशी हनुमाननं काम मेनला घेतलं होतं. वस्तीला आता रोज पाणी मिळत होतं.

वाळलेल्या ओढ्यात माणसं जमली होती. माऊली पाटावर बसला होता, न्हाव्यानं वस्तरा काढला होता. आदिनाथ गाडीपाशीच थांबला. बापानं येऊ नको म्हटलेलं त्यानं मोडलं नाही. अंबिकाबाई आणि शालू पुढं गेल्या.

"बन्सीभाऊ, मी आदिनाथच्या ऑफिसातून आले. तुमचा मुलगा विसरला नव्हता. त्यानं काम पुरं केलं होतं आणि पाठवलंही होतं. ते भलत्या जागी गेलं, आणि मशीननं त्याला सगळं ठीक आहे असंच दाखवलं."

बन्सीनं डोक्याचा पटका सारखा केला. "म्हंजी खोटं बोललं नव्हतं पोरगं?"

"नाही."

"मग भलत्या जागी कुणी धाडलं?"

"मी, काका," शालू म्हणाली. ती मागं सरली नाही. "त्याच्या मशीनवर मी बसले होते. त्याला बोलणी बसू नयेत म्हणून त्याचं काम मी धाडलं. त्यात ही चूक झाली. मला कळलीच नाय."

जमलेल्या माणसांत कुजबुज झाली. बन्सी तिच्या जवळ आला.

"आई हाय का तुला?"

"हाय."

"मग जा तिच्याकडं. मी तुला काय बोलू, पोरी? शिवी दिली तर सरूला आवडायचं नाय. आणि माफ केलं म्हणालो तर माझं मलाच खरं वाटायचं नाय."

शालूनं मान हलवली. अंबिकाबाईंनी तिचा हात धरला.

बन्सी वळला. "माऊली, ऊठ," तो म्हणाला. पुतण्या उठून बाजूला झाला. मग बन्सीनं गाडीकडं बघितलं आणि हात वर केला. आदिनाथला आधी समजलंच नाही. त्याला परत खुणावावं लागलं. तो आला, पाटावर बसला, शर्ट काढून मांडीवर ठेवला. न्हाव्यानं तांब्या पुढं ओढला.

"आबा," आदिनाथ म्हणाला, "माझीच चूक असती तर बरं झालं असतं."

"का रं?"

"कुणावर तरी राग धरता आला असता. आता कुणावर धरू?"

न्हाव्याचा हात थांबला. बन्सी लेकाच्या पुढ्यात खाली बसला.

"माझ्यावर धर," तो म्हणाला. "तुला न विचारता, तुझं न ऐकता, मी तुला तिच्या आगीपाशी येऊ दिलं नाय. ते आता परत व्हायचं नाय."

आदिनाथ हुंदका देऊन बापाच्या खांद्यावर कोसळला. बन्सीनं त्याला रडू दिलं. मग त्यानं तांब्या आपल्या हातात घेतला आणि ओंजळीनं पाणी घेऊन लेकाचं डोकं हळूहळू भिजवू लागला.